गिटारची खोली

सुभेदार मारुतराव शेडगे यांनी अठ्ठावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये लाकडाचे नमुने केले. लोखंडाचा किंवा पितळेचा एखादा भाग ओतायचा असला की तो आधी हुबेहूब लाकडात करावा लागतो. तो लाकडी नमुना मातीत दाबायचा आणि उमटलेल्या पोकळीत धातू ओतायचा. हे नमुने करणं, हे मारुतरावांचं काम. ड्रॉइंगवर एकशे बारा लिहिलं असेल तर एकशे बारा. थंड होताना धातू आकसतो, तेव्हा वर किती जास्त ठेवायचं, तेही तक्त्यात छापलेलं. अमुक माप अमुकच का, असं विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही. माण तालुक्यातून अठराव्या वर्षी निघालेला हा माणूस नाकासमोर चालत सुभेदार झाला आणि पंचाण्णव साली पेन्शनवर आला.

गावाकडे परतायचं त्यांच्या मनात होतं. पण मुलगा इंद्रजित नोएडाच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर लागला होता. परदेशातून रोज नवी मशिनं येत होती आणि ती चालवायला माणसं कमी पडत होती. द्वारकेत माजी सैनिकांची एक सोसायटी उभी राहत होती. त्यात फ्लॅट मिळाला, आणि मारुतराव, पत्नी सखुबाई, इंद्रजित आणि नवी सून भक्ती असे चौघे सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात तिथे राहायला आले. तेव्हा द्वारका म्हणजे निम्म्या रिकाम्या इमारती, टँकरचं पाणी आणि डोक्यावरून जाणारी विमानं. इंद्रजित सकाळी सातला चार्टर्ड बस पकडायचा, तो रात्री नऊला घरी. विमानांच्या आवाजानं झोप येत नाही अशी सोसायटीत तक्रार असायची. मारुतरावांना मात्र तो आवाज आवडायचा. भरदार आवाज, म्हणायचे.

भक्ती दिल्लीतच वाढलेली. वडील सरकारी नोकरीत, घर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. मराठी बोलायची, पण ती घरातल्या चार भिंतींत मावणारी मराठी, बाकी सगळी हिंदी. सेक्टरमध्येच नवी शाळा निघाली होती, तिथे ती नर्सरीच्या मुलांना शिकवायची. कॉलेजात शिकलेली गिटार तिला तिथे कामी आली. गाणं वाजवलं की चाळीस पोरं एका जागी बसतात, हे मुख्याध्यापिकेच्या लक्षात आलं आणि भक्तीच्या वाट्याला रोज तीन तास गिटार आली.

अडचण अशी, की भक्ती पाच फुटांचीही नव्हती आणि शाळेची गिटार भलीमोठी. मुलांसमोर सतरंजीवर बसून वाजवायची, तर त्या पेटीवरून हात पलीकडे नेताना खांदा कानापर्यंत चढायचा. संध्याकाळी ती सखुबाईंकडून खांद्याला बाम चोळून घ्यायची. मारुतरावांनी हे आठ-दहा दिवस पाहिलं आणि एक दिवस म्हणाले, "लहान गिटार मिळत नाही का?"

"मिळते बाबा, पण ती खेळण्यातली. आवाजच नाही तिला."

"मग मी करतो."

भक्तीला वाटलं, ते चेष्टा करताहेत. पण दुसऱ्या दिवशी ते शाळेची गिटार मागून घेऊन गॅलरीत बसले होते, फूटपट्टी आणि कॅलिपर घेऊन.

लांबी, रुंदी, कमरेचा खळगा, सगळं त्यांनी कागदावर उतरवलं आणि पाऊणपट केलं. तासाभराचं काम. मग पेटी आडवी धरून तिची खोली मोजली, आणि तिथे गाडी अडली. मानेकडे शंभर मिलिमीटर आणि शेपटीकडे एकशे वीस. एकाच पेटीची दोन मापं. आधी त्यांना वाटलं, करणाऱ्यानं घाई केली. मग दोन्ही बाजूंना उतार सारखाच आहे हे पाहिल्यावर कळलं, की हे मुद्दाम केलंय. पण का?

आणि लहान गिटारला किती ठेवायची? लांबी-रुंदीसारखी पाऊणपट, की तेवढीच? आधीच पेटी लहान, त्यात खोलीही कमी केली तर आत हवा उरणार किती? पण तेवढीच ठेवली, तर भक्तीचा खांदा पुन्हा कानाला. आयुष्यात पहिल्यांदाच समोर ड्रॉइंग होतं आणि त्यात एका आकड्याची जागा रिकामी होती.

जुन्या दिल्लीत वाद्यं दुरुस्त करणारे एक शफीक मियाँ होते. मारुतराव बस बदलून बदलून तिथे पोचले. शफीक मियाँ सतारीच्या भोपळ्याला पडलेली चीर बुजवत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "पेट बड़ा, तो आवाज़ बड़ी. छोटे साज़ को गहरा रखिए, सूबेदार साहब."

पण शेजारच्या दुकानदारानं हे ऐकलं आणि तो मध्येच बोलला, "कौन कहता है? आजकल पतली का ज़माना है."

"वह तो बिजली से बजती है," शफीक मियाँ म्हणाले.

"बजती तो है."

त्यांचं जुंपलं ते जुंपलंच. मारुतराव अर्धा तास ऐकत उभे राहिले आणि आले होते त्याहून जास्त गोंधळून निघाले. निघताना शफीक मियाँनी एकच कामाची गोष्ट सांगितली. पाठीची फळी सरसानं चिकटवा, फेविकॉलनं नाही. सरस गरम सुरीनं सुटतो, म्हणजे चूक झाली तर पेटी उघडता येईल.

घरी आल्यावर मारुतरावांनी विचार केला, ज्याला वाजवायची त्यालाच विचारावं. भक्ती वरणाला फोडणी देत होती.

"भक्ती, आवाज खोल हवा का तुला?"

"हो बाबा, खोलच हवा," ती म्हणाली. "जितका खोल तितकं छान. मुलांपर्यंत पोचला पाहिजे ना."

झालं. प्रश्न मिटला. शिवाय लाकूड कापता येतं, वाढवता येत नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. जास्तच ठेवलेलं बरं. त्यांनी शेपटीकडे एकशे दहा ठरवले.

इंद्रजितच्या ऑफिसात मशिनं ज्या खोक्यांतून आली, त्यांचं पांढरं, सरळ रेषांचं, हलकं परदेशी लाकूड त्यानं आणून दिलं. त्याची पुढची फळी झाली. बाजूंना आणि पाठीला शिसवी. बाजूच्या पट्ट्या ओल्या करून गरम पाइपवर वाकवताना तीन मोडल्या, चौथी बसली. गॅलरीत महिनाभर भुसा उडत होता. सखुबाई रोज झाडायच्या आणि रोज म्हणायच्या, "पेन्शनीत माणसं पेपर वाचतात." पण पॉलिशचा शेवटचा हात फिरल्यावर त्यांनीच गिटारला काजळाचं बोट लावलं.

तारा चढल्या. भक्तीनं मांडीवर घेऊन वाजवली. मारुतरावांच्या छातीत काहीतरी भरून आल्यासारखं झालं. केवढा आवाज! विमान जावं तसा, खालून वर येणारा, भरदार.

"कशी आहे?"

"छान आहे बाबा," भक्ती म्हणाली. "खूप मेहनत घेतलीत."

सोमवारी ती शाळेत गेली, ती शाळेचीच जुनी गिटार वाजवायला. मंगळवारीही तसंच. नवी गिटार कपाटावर. मारुतरावांनी आठवडाभर वाट पाहिली. छान आहे म्हणते आणि नेत नाही. म्हणजे छान नाही. मग म्हणते कशाला? त्यांना काही उलगडेना. चेहरा पाडून बसलेले पाहून शेवटी सखुबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात विचारलं आणि दोघी बाहेर आल्या.

"बोल," सखुबाई म्हणाल्या. "ते काय खाणार नाहीत तुला."

भक्तीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "बाबा, आवाज बंद बंद वाटतो. मटक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. आणि हात अजून वरच राहतो."

"अगं, पण तूच म्हणालीस ना, जितका खोल तितकं छान?"

"हो, खोलच हवाय ना मला. हा कुठे खोल आहे?"

मारुतराव तिच्याकडे पाहतच राहिले. पेटी एवढी खोल, आवाज एवढा खोल, आणि ही विचारते कुठे आहे.

सखुबाईंना आधी उमगलं. "भक्ती, खोल म्हणजे काय गं?"

"खोल म्हणजे… खुला. मोकळा. दरवाजा खोल, तसं."

"अगं बाई, खोल म्हणजे गहरा!"

भक्तीनं तोंडावर हात ठेवला. मारुतराव हसले, पण त्यांना आतून लाजल्यासारखं झालं. महिनाभर ते एका शब्दावर रंधा मारत होते, आणि तो शब्द तिच्या गावचाच नव्हता.

चूक कळली म्हणजे दुरुस्तीही सोपी, असं त्यांना वाटलं. सुरी गरम करून पाठ सोडवली, पाठ जिला चिकटते ती आतली बारीक पट्टी काढली, कडा रंध्यानं दहा मिलिमीटर उतरवल्या, नवी पट्टी बसवून पाठ पुन्हा चिकटवली. आठ दिवस गेले. शेपटीकडे आता शंभर.

"आता?"

"पहिल्यापेक्षा खूप बरी," भक्ती म्हणाली. आता ती खरं सांगायला लागली होती. "अजून थोडी कमी करता येईल?"

मारुतरावांना उलटंच वाटत होतं. आवाज कमी झाला होता, भरदारपणा गेला होता. पण तिनं सांगितलं म्हणून त्यांनी पुन्हा पाठ काढली, पुन्हा दहा कमी केले. नव्वद झाली.

या वेळी भक्तीनं वाजवली आणि सखुबाई पोळी लाटता लाटता दारात आल्या. "आता कसं, नाणं वाजावं तसं वाजतंय." रात्री इंद्रजित जेवताना म्हणाला, "बाबा, ही तर दुकानातल्यासारखी वाजते, बिल्कुल." मारुतरावांनी ती हातात घेतली आणि अंगठ्यानं सगळ्या तारा छेडल्या. जाड दोन तारा थोड्या बोलल्या. बारीक तारांवर जणू कोणी कापूस गुंडाळला होता. पेटीवर टिचक्या माराव्यात, तेवढंच.

त्यांनी गिटार कपाटावर ठेवली. पण रात्रभर एकच विचार. घरातले आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलताहेत. फौजेत त्यांनी हे आयुष्यभर पाहिलं होतं. साहेबाचा विनोद फसला तरी सगळी बराक हसते. आता ते स्वतःच साहेब झाले होते की काय?

दुसऱ्या दिवशी ते गिटार घेऊन शफीक मियाँकडे गेले. तो माणूस तोंडावर गोड बोलणारा नव्हता. त्यांनी कान तारांजवळ नेला, बारीक तार वर मानेशी दाबून वाजवली, पुन्हा वाजवली. "वाह. यह तो बोल उठी, सूबेदार साहब. मैं ग़लत था."

"आपको यह आवाज़ सुनाई दी?" मारुतरावांनी विचारलं.

शफीक मियाँनी त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. "क्यों, आपको नहीं दी?"

मारुतरावांनी गिटार उचलली. परतीच्या बसमध्ये गिटार मांडीवर घेऊन बसले आणि उतरायच्या स्टॉपच्या दोन स्टॉप पुढे गेले.

पहाटे त्यांना जाग आली तर सखुबाई अंधुक उजेडात त्यांच्या उशाशी हात घालत होत्या. त्यांनी हात धरला. "काय करतेस?"

"घड्याळ बंद करते. झोपा तुम्ही."

"कसलं घड्याळ?"

"तुमचं मनगटी. पाचला वाजतं ना."

ते घड्याळ इंद्रजितनं पहिल्या पगारात घेतलं होतं, आकडे दाखवणारं. मारुतराव उठून बसले. "त्याचा अलार्म तर पहिल्यापासून बिघडलेला आहे."

"बिघडलेला कुठे आहे? दोन वर्षं रोज वाजतोय. केवढा किंचाळतो. मला वाटलं, तुम्हाला उठायचं नसतं म्हणून तुम्ही तसेच पडता."

त्यांनी घड्याळ सखुबाईंच्या हातातून घेतलं. कळ दाबून अलार्म पुन्हा लावला, कानाशी धरला. आकडे लुकलुकत होते. काही नाही. सखुबाईंनी कपाळाला आठी घालून कान झाकला, ते मात्र त्यांना दिसलं.

छावणीच्या दवाखान्यात कानाची तपासणी करणारी डॉक्टर कॅप्टन होती, त्यांच्या सुनेच्या वयाची. तिनं त्यांना काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला ते भराभर दाबत होते. मग आवाज येईनासे झाले. बराच वेळ ते बटणावर अंगठा ठेवून बसले, मशीन बंद पडलं असावं असं समजून. काचेपलीकडे डॉक्टर मात्र मान खाली घालून लिहीतच होती.

बाहेर आल्यावर तिनं कागद पुढे केला. अठ्ठावीस वर्षं ड्रॉइंग वाचलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागला नाही. रेघ डावीकडून मध्यापर्यंत सरळ आली होती आणि मग कड्यावरून दगड सुटावा तशी खाली गेली होती. जाड आवाज शाबूत. बारीक आवाज नाहीत.

"साहब, मशीन के पास काम था?"

होतं. डाव्या हाताला पट्टा-करवत, भिंतीपलीकडे ओतकामाचे हातोडे. कानात कापूस घालणाऱ्याला वर्कशॉपमध्ये सगळे 'मेमसाहब' म्हणत. मारुतरावही म्हणत.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. पण मनात जे उठलं होतं, ते कसं सांगावं हे त्यांना कळेना. ही एकच गिटार तर नव्हती. सखुबाई जात्यावर गायच्या, ते गाणं. इंद्रजितचं तान्हेपणीचं रडणं. यातलं आपण किती ऐकलं आणि कुठल्या सालापासून ऐकायचं थांबलो? कान गेला त्या दिवशी कोणी तुतारी वाजवली नव्हती. आणि मग गिटार. दोन वेळा पेटी उघडली-मिटली, ती कुणाच्या कानानं? एकशे दहावर खूश होणारे ते एकटेच होते. त्या वेळी त्यांना जे भरदार वाटलं, ते होतं की नव्हतं?

चार दिवस गिटार तशीच पडून राहिली. पाचव्या दिवशी भक्ती गॅलरीत आली. "बाबा, नव्वदवर राहू दे. मी नेते आता ही."

"खांदा?"

"थोडा चढतो. चालेल."

"बस खाली," ते म्हणाले. "सतरंजीवर, शाळेत बसतेस तशी."

ती बसली. तिनं हात पेटीवरून नेला. खांदा उचललेला होता, बोटभर का होईना. मारुतरावांनी बाजूच्या पट्टीवर पांढरा कागदी टेप चिकटवला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "मला आवाजातलं कळत नाही. लाकडातलं कळतं. किती कमी करायचं, तिथे रेघ मार. मी कापतो."

"बाबा, तुम्हीच ठरवा ना. मला कसं कळणार?"

"मलाही नाही कळत. पण तुझा खांदा आहे आणि तुझे कान आहेत. माझं यात काय आहे?"

तिनं पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग रेघ मारली, थोडी वाकडी. मारुतरावांनी मोजली. पाच मिलिमीटर. त्यांच्या मते जास्त होती. "परत वाढवता येणार नाही," ते म्हणाले.

"माहितीये," भक्ती म्हणाली. आवाज तिचा बारीकच होता. तो त्यांनी तिच्या ओठांवरून ओळखला की कानानं ऐकला, हेही त्यांना नक्की सांगता आलं नसतं.

पंच्याऐंशीवर पेटी मिटली, ती कायमची. सोमवारी भक्ती ती घेऊन शाळेत गेली, मंगळवारीही गेली. बामाची बाटली सखुबाईंनी आपल्या गुडघ्यांकडे वळवली. आवाजाचं म्हणाल तर भक्ती म्हणाली, नव्वदला किंचित जास्त गोड होती, पण हीच बरी. मारुतरावांनी ते ऐकून घेतलं. गोडपणा म्हणजे काय आणि तो पाच मिलिमीटरमध्ये कुठे बसतो, हे त्यांनी विचारलं नाही.

शाळेच्या वार्षिक समारंभाला ते कानात नवं यंत्र घालून गेले. मांडवात दोन-अडीचशे पालक, स्टेजवर सशांचे कान लावलेली चाळीस पोरं आणि कडेला खुर्चीवर भक्ती. तिनं वाजवायला सुरुवात केली आणि मारुतराव दचकले. पत्र्यावर खिळे ओतावेत तसा आवाज. पोरांचं गाणं, खुर्च्यांची करकर, शेजारणीच्या बांगड्या, सगळं एकदम कानात शिरलं. त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं. आता लांबून नुसते ठोके आले, मऊ, जाड, कुठल्या तरी दुसऱ्याच वाद्याचे. त्यांनी यंत्र पुन्हा घातलं. पुन्हा पत्रा. पुन्हा काढलं.

"काय चाललंय तुमचं?" सखुबाईंनी विचारलं.

"यातली मी केली ती कुठली?" ते म्हणाले.

सखुबाईंना प्रश्न कळला नाही. त्यांनी स्टेजकडे बोट केलं. "ती काय, भक्तीच्या मांडीवर."

पुढे द्वारकेत मेट्रो येईपर्यंत मारुतरावांनी आणखी सहा लहान गिटारी केल्या, बहुतेक शाळेतल्या बायांसाठी. प्रत्येकीची खोली वेगळी. त्यातून एखादा नियम निघेल म्हणून त्यांनी सगळी मापं एका वहीत लिहून ठेवली, वाजवणारीची उंची, हाताची लांबी, लाकूड, महिना, सगळं. नियम काही निघाला नाही. पाचव्या गिटारची खोली भक्तीच्या गिटारएवढीच होती, तरी जिच्यासाठी केली ती म्हणाली, फार बसकी वाटते. ती त्यांनी परत घेतली, दुसरी करून दिली. परत आलेली ती गिटार बरेच दिवस गॅलरीतच होती. सखुबाई झाडताना तिला पदर लागायचा आणि एखादी तार वाजायची. मारुतराव पेपरमधून मान वर करून विचारायचे, "वाजली का?" आणि सखुबाई म्हणायच्या, "वाजली."